मिटलेली तोंडं

तिला सगळे बत्तिशी म्हणत. तोंडावर मात्र तसं म्हणायची मुभा दोघांनाच होती, लॅबमधल्या पॉलिशवाल्याला आणि घरी वहिनीला. बाकीचे पाठीमागे म्हणत आणि समोर आली की ताई म्हणून मोकळे होत.

जोड्यांच्या एका दुकानाखाली तळघरात दात बनवायची लॅब होती. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हापासून ती तिथेच कामाला. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे डब्यांत घालून पाठवत. त्या ठशांत प्लास्टर ओतून जबडे निघत, आणि जबड्यांवर मेणाच्या हिरड्या चढवून त्यांत एकेक दात बसवत न्यायचं काम तिचं. पूर्ण कवळी लावण्यात तिचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं. नाव पडलं ते त्यामुळे. गंमत म्हणजे स्वतःची बत्तिशी ती कधी कोणाला दाखवत नसे. हसू आलंच तर ते ओठ मिटलेले ठेवून नाकावाटे बाहेर पडे.

जबडे यायचे ते चेहऱ्याविना. डब्यावर नंबर असे, डॉक्टरचं नाव असे, दाताचा रंग कोणता हवा ते लिहिलेलं असे, बस. गावातल्या निम्म्याशिम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिचं काम गेलं असेल, पण त्यातलं एकही माणूस तिने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्याचं तिला काही वाटतही नसे. कवळी बसली की डॉक्टरचा फोन येत नाही, आणि फोन आला नाही म्हणजे काम ठीक झालं, असा साधा हिशेब होता.

घर भावाचं. दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. घरातल्या बोलण्याचा सगळा भार वहिनीने उचललेला होता आणि तिने तो कधी खाली ठेवला नाही. मूलबाळ नव्हतं. बत्तिशीचं लग्न एकदा ठरत आलं होतं, ते फिसकटलं, आणि पुढे कोणी तो विषय काढला नाही. तिनेही नाही. मागची खोली तिची, सकाळचा चहा तिचा, रात्रीची झाकपाक वहिनीची, अशी वर्षं सरळ रांगेत गेली.

वहिनीला उद्योगाचे झटके येत. एकदा मेणबत्त्या झाल्या, मग साबण, मग कापडी पिशव्या. प्रत्येक झटका काही आठवडे टिके आणि ओसरला की त्याचं उरलंसुरलं सामान पॅसेजमधल्या कपाटात एक कप्पा अडवून बसे. बिस्किटांचा उद्योग तेवढा तगला होता. आजूबाजूच्या चार घरांतून मागणी येई आणि त्यासाठी तिने चांगला मोठा ओव्हन घेतला होता. बिस्किटं जोरात असतानाच मध्येच कुठलासा एक दिवसाचा वर्ग करून ती पॉलिमर क्लेची पाकिटं घेऊन आली. कानातली करून विकायची होती. दोन जोड झाले. त्यातला एक घालता घालता मोडला, दुसरा कोणी घेईना. पाकिटं कपाटात गेली.

ती बत्तिशीच्या हाताला लागली ती बल्ब शोधताना. रंगीत वड्या होत्या, दगडासारख्या झालेल्या. तिने सहज एक तोडून बोटांत चुरली. मेण मऊ करायची हाताला सवयच होती, त्यामुळे बल्बचं राहिलं आणि ती पॅसेजमध्ये उभी राहून वडी मळत राहिली. आधी भुगा झाला, मग भुग्याचा गोळा, मग हाताच्या उबेने गोळा लोण्यासारखा. क्ले म्हणजे माती, पण नाव माती असलं तरी ही माती नव्हेच. हिला पाणी लागत नाही, ही हवेवर वाळत नाही, हिला कुंभाराची भट्टी नको. प्लास्टिकचीच जात, घरच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजली की घट्ट होते. बत्तिशीला आवडलं ते वेगळंच. मेण सतत घाई करायला लावतं आणि प्लास्टर डोळ्यांदेखत हातचं जातं. ही मात्र झाकून ठेवली तर कितीही दिवस होती तशी राही. आज नाक केलं, पुढच्या आठवड्यात कान करा, तिची काही तक्रार नसे.

काय करायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच सुमारास मालकांनी लॅबमधली जुन्या जबड्यांची फळी रिकामी करायला काढली होती. काम पोचतं झालं की प्लास्टरचे जबडे काही दिवस ठेवत आणि मग फेकून देत. त्यातला एक जबडा तिने पर्समध्ये घालून घरी आणला. त्याचे उजवीकडचे दात विलक्षण झिजलेले होते आणि एक सुळा जरा तिरपा फिरलेला होता. डावी बाजू अगदी शाबूत. असं एकाच बाजूने आयुष्य चावणारं माणूस कसं दिसत असेल, असं तिच्या मनात आलं. जबडा समोर ठेवून तिने मुठीएवढं डोकं केलं. लांबट, सुकलेला, कोणावर तरी कायमचा रुसलेला म्हातारा. रविवारी वहिनी बाजारात गेली तेव्हा तिने तो ओव्हनमध्ये ठेवला आणि आच नको तेवढी वाढवली.

वहिनी परत आली तेव्हा घरात धूर होता, म्हातारा काळा पडला होता, आणि टेबलावर थंड होत ठेवलेल्या बिस्किटांना त्याचा वास लागला होता.

रागावली की वहिनी तिला वन्सं म्हणे आणि अहोजाहो करी. एरवी सगळं अगंतुगं.

"वन्सं," ती अगदी शांतपणे म्हणाली, "माझ्या ओव्हनमध्ये तुम्ही माणूस भाजलात?"

बत्तिशीला नाकातून हसू फुटलं आणि तिथे सगळं बिनसलं. बिस्किटं फेकावी लागली, ओव्हन घासून घासून वहिनीचे हात दुखले, आणि घरात अबोला सुरू झाला. वहिनीचा अबोला म्हणजे ती भांड्यांशी बोले. दादाने दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं. मग एका संध्याकाळी तो कचेरीतल्या कोणाकडून तरी एक जुना, लहानसा ओव्हन उचलून घेऊन आला, गॅलरीत कपडे धुवायच्या मशीनशेजारी ठेवला, वायर जोडून दिवा लागतो का ते पाहिलं आणि हातपाय धुवायला गेला.

तेव्हापासून गॅलरी बत्तिशीची झाली. अबोला संपल्यावर वहिनीनेच आपल्या फोनवर शोधून शोधून तिला व्हिडिओ दाखवले. एवढं जाळतेसच तर निदान नीट जाळ, असं तिचं म्हणणं होतं. कुठकुठल्या देशांतली माणसं त्यात ही क्ले घेऊन बसलेली होती. एक बाई पक्ष्याचं एकेक पीस वेगळं करून लावत होती. एक माणूस रंगांच्या वळ्या एकत्र बांधून जाड दांडा करी आणि तो कापला की प्रत्येक चकतीवर तेच चित्र निघे. एक म्हातारी पातळ पातळ पापुद्रे एकावर एक चढवून चेहरा करत होती, आणि तो चेहरा कातडीखाली रक्त असल्यासारखा दिसे. त्यांचं बोलणं कळत नव्हतं, पण बत्तिशीला बोलण्याचं काही नव्हतंच. ती त्यांचे हात बघे. वहिनी शेजारी बसून कोणाचं काम कुठल्या संग्रहालयात आहे ते वाचून दाखवी आणि वर म्हणे, बघ, आणि मी कानातली करत बसले होते.

कातडीचा रंग कातडीच्या रंगाचा नसतो, हे तिला दातांमुळे आधीच ठाऊक होतं. दात पांढरा केला तर तो बशीच्या तुकड्यासारखा दिसतो. त्यात पिवळं लागतं, करडं लागतं, टोकाला किंचित निळं लागतं. तसंच इथे. दुधी, आरपार दिसेल न दिसेल अशी क्ले घेऊन तिच्यात तांबडा, हिरवा, मातकट रंग नखाएवढा मळायचा आणि थर द्यायचे. आत चांदीच्या कागदाचा घट्ट गोळा, म्हणजे क्ले कमी लागते आणि तडा जात नाही. तरी तडे गेले. कच्ची भाजलेली नाकं तुटून हातात आली. पांढऱ्या क्लेला हवेतला प्रत्येक धागा आणि केस चिकटे, म्हणून तिने दादाचा जुना फिका शर्ट कामाच्या वेळचा म्हणून ठरवून टाकला आणि गॅलरीत वहिनीला टॉवेल झटकायची बंदी केली. सुरकुत्या सुईने. भाजून झालं की पाण्यातल्या पॉलिशपेपरने घासणं, आणि शेवटचा हात लॅबच्या मोटरवर, सुती चाकाने. मालकांनी त्याला हरकत घेतली नाही. पॉलिशवाला मात्र रोज विचारी, आज कोणाचं मुंडकं आणलंस.

वर्षं गेली. लॅबमध्ये दात कोरणारं यंत्र आलं, तिच्या हाताशी फक्त शेवटची सफाई आणि कवळ्या उरल्या, आणि त्याचं तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. जबडे येत राहिले. ज्यात काही वेगळं दिसे त्याचं डोकं घरी होई. पुढे आलेल्या दातांची एक लाजरी बाई, दात करकरा खाणारा एक कारकुनी चेहऱ्याचा माणूस, बोळकं झालेली एक करारी म्हातारी. मागच्या खोलीत त्यांच्यासाठी फळ्या ठोकल्या गेल्या. वहिनी केर काढायला गेली की त्यांना उद्देशून बोले आणि कोणीच उलट बोलत नाही म्हणून खूश असे.

शहरातल्या कलामंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात ही डोकी द्यायची कल्पना वहिनीची. अर्ज तिनेच भरला. बत्तिशी नको नको म्हणत होती, पण तिच्या नको म्हणण्यात जोर नव्हता आणि वहिनीला असलं बरोबर कळे. मंडळाच्या समितीला मात्र प्रश्न पडला. शिल्प म्हणावं तर हे प्लास्टिक, मुलांच्या दुकानात मिळणारं. खेळणी म्हणावं तर चेहरे तसे नव्हते. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला आणि डोकी हस्तकलेच्या खोलीत, लोकरीच्या मोज्यांच्या आणि कागदी फुलांच्या शेजारी मांडली. वहिनी संतापली. बत्तिशीला मोजे चांगले विणलेले वाटले.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या एक बाई फिरत फिरत तिथे आल्या. त्या दगडात काम करत. वयाने बऱ्याच पुढे गेलेल्या, हात पुरुषी, नखं कापून पार मांसाला भिडवलेली. त्यांनी विचारल्याशिवाय एक डोकं उचललं आणि तळहातावर तोललं.

"याला वजन नाही," त्या म्हणाल्या.

आत कागदाचा गोळा असतो, असं बत्तिशीने सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या त्याबद्दल बोलत नव्हत्या. ही कोण माणसं, असं त्यांनी विचारलं. बत्तिशीने जबड्यांचं सांगितलं, डब्यांवरच्या नंबरांचं सांगितलं. बाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे यातलं कोणी तुम्ही पाहिलेलं नाही."

"नाही."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या. मग त्या रांगेतून एकेक चेहरा बघत गेल्या आणि शेवटाला थांबल्या. "आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली का? तुम्ही तर दातांचं काम करता."

बत्तिशीच्या हे लक्षातच आलेलं नव्हतं. बाईंनी डोकं होतं तिथे नीट ठेवलं. तुमचा हात चांगला आहे, त्या म्हणाल्या, क्लेचं मला विचारू नका, मला दगडाखेरीज काही कळत नाही, पण माणसं बघा. आणि त्या मोज्यांकडे वळल्या.

वहिनी घरी येईपर्यंत त्या बाईंचा उद्धार करत होती. आल्या मोठ्या, वजन करायला. प्रदर्शन संपल्यावर डोकी जोड्यांच्या खोक्यांतून परत आली आणि तिने ती फळ्यांवर लावली, तेव्हा तिला दुसरं काही दिसेचना. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. एकूणएक तोंड बंद होतं. कोणाचे ओठ आत ओढलेले, कोणाचे दाबलेले, पण बंद. तिने हे पॉलिशवाल्याला सांगितलं तर त्याने हात झटकले. दिवसभर दुकान चालवून घरी गेल्यावर शटर वर ठेवतं का कोणी, त्याने विचारलं. ते तिला पटलं आणि तरी पुरेसं वाटलं नाही.

तिने उघडी तोंडं करून पाहिली. ते फसलं, आणि वाईट फसलं. दात करायचे म्हटले की तिचे हात लॅबमध्ये जात. एकेक दात सुटा, रेखीव, हिरडीत बसलेला, टोकाला किंचित निळा. डोकं भाजून बाहेर आलं की असं वाटे, या माणसाने नुकतीच कवळी बसवून घेतली आहे आणि तो ती दाखवायला आला आहे. वहिनी म्हणाली, हे तर दातांच्या पावडरीच्या जाहिरातीतले. बत्तिशीने ती सगळी डोकी खोक्यात घालून कपाटात मेणबत्त्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवली. गॅलरीतला ओव्हन त्या हंगामात थंडच राहिला.

एका दुपारी मालक गावाला गेलेले असताना जवळच्या डॉक्टरांचा निरोप आला. पेशंटच्या पुढच्या दाताचा रंग उजेडात जुळवून बघायचा होता, कोणीतरी या. हे काम मालकांचं, पण ते नव्हते म्हणून वेगवेगळ्या रंगांचे नमुन्याचे दात लावलेली पट्टी घेऊन ती गेली. खिडकीशी खुर्चीत एक गोल, लालबुंद, टकला म्हातारा बसला होता आणि डॉक्टरांना काहीतरी सांगून स्वतःच खदाखदा हसत होता. तिने त्याला तोंड उघडायला सांगितलं आणि तिचा हात थांबला. उजवीकडचे दात झिजून निम्मे. सुळा तिरपा. मधल्या काळात पुढचा एक दात गेला होता, पण जबडा तोच होता. तो तिने पर्समधून घरी नेला होता. त्याचा तिने सुकलेला, रुसलेला म्हातारा केला होता.

तिने न राहवून विचारलं, उजव्या बाजूलाच असं कशाने झालं. तेवढंच निमित्त पुरलं. म्हातारा शाळेत खेळांचा शिक्षक होता. शिट्टी. जन्मभर शिट्टी उजव्या दाढेत धरली, दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून. बायको म्हणायची, झोपेतसुद्धा काढत नाहीत. तो बोलत राहिला आणि ती पट्टी हातात धरून उभी राहिली. रंग जुळवायला तोंड स्थिर लागतं, पण तिने त्याला थांबवलं नाही. बोलताना त्याचा वरचा ओठ झिजलेल्या दातांवर अडे आणि मग निसटे. स म्हणताना जीभ किंचित पुढे येई. आणि दात, जे ती आयुष्यभर एकेक करून लावत आली, ते दिसतच नव्हते. दिसत होता तो काळोख, त्यात एक फिकट पट्टा, मध्येच ओली चमक, की पुन्हा ओठ. दात सुटे सुटे दिसतात ते फक्त प्लास्टरमध्ये आणि मेलेल्या माणसात. डॉक्टरांनी घसा खाकरला, तेव्हा तिने पट्टी वर केली आणि रंग सांगितला.

घरी आल्यावर तिने फळीवरून तो जुना म्हातारा काढून पाहिला. पहिला जळल्यावर तिने तोच पुन्हा केला होता आणि तो तिला सगळ्यांत जमलेला वाटे. काम वाईट नव्हतं. तो फक्त कोणीच नव्हता. याच अर्थाचं काहीतरी बाई बोलल्या होत्या, आणि तेव्हा तिला ते फक्त लागलं होतं.

स्वयंपाकघरात वहिनी फोनवर कोणालातरी झाडत होती. ओव्हन दुरुस्तीवाला येतो म्हणून आला नव्हता. एक हात कमरेवर, मान पुढे, आणि तोंड असं चाललेलं की शब्दाच्या आधी ओठ पोचावेत. बत्तिशी दारात उभी राहून बघत राहिली. बावीसतेवीस वर्षं ती या तोंडाचं ऐकत आली होती, ते बघितलं आज.

वहिनीने फोन ठेवल्यावर तिने विचारलं, तुझं डोकं करते, समोर बसशील का. वहिनीने साफ नाही म्हटलं. कारण दोघींना ठाऊक होतं. वहिनीचा वरचा डावीकडचा एक दात काढलेला होता, आणि तिथे खिंड होती. हसताना ती तोंडावर हात धरी. घरात दात करणारी नणंद असून तिने ती खिंड कधी भरू दिली नव्हती.

"का गं, पण? कितीदा म्हटलं, करून देते," बत्तिशी म्हणाली.

"तुझ्या हातचे दात घालायचे आणि तुलाच बोलायचं? कसं जमेल मला?"

यावर दोघी हसल्या, एक नाकातून, एक हाताआडून, आणि मग वहिनी म्हणाली की बसेन, पण गप्प बसणार नाही. गप्प बसूच नकोस, बत्तिशीने सांगितलं.

रविवारच्या दुपारी गॅलरीत बैठक सुरू झाली. वहिनी उलट्या बादलीवर बसे, कारण खुर्चीत बसलं की तिला मुलगी बघायला माणसं आल्यासारखं वाटे. ती बोलत राही. दुरुस्तीवाल्याबद्दल, माहेरच्या जिन्याबद्दल, दादाच्या मुकेपणाबद्दल, ज्याच्याशी भांडणसुद्धा एकटीनेच करावं लागतं. बिस्किटांचा तिला मनापासून कंटाळा आला होता, हेही तेव्हाच कळलं. बत्तिशी या खेपेला डोकं मोठं करत होती, नारळाएवढं, आणि हातापेक्षा जास्त वेळ तिचे डोळे चालत होते. चेहऱ्याची एक बाजू झाली की भाजायची, मग पुढचा थर. मानेला एकदा तडा गेला, तो भरून घासावा लागला. तोंड तिने सगळ्यांत शेवटी घेतलं. दात वेगळे केलेच नाहीत. आतला काळपट तांबडा आधी लावला, त्यावर फिकट पट्टा ओढला, आणि खिंडीच्या जागी तो तोडला.

त्या दुपारी वहिनी बोलता बोलता थांबली.

"लग्न होऊन आले ना, तेव्हा मला तुझी भीती वाटायची," ती म्हणाली. "तू नाकातून हसायचीस. मला वाटायचं, माझ्यावरच हसतेस."

बत्तिशीने सुई खाली ठेवली नाही. "मला तसंच येतं हसायला," ती म्हणाली.

"ते कळलं नंतर. पण बरीच वर्षं गेली मध्ये."

"मग सांगायचंस."

"सगळं सांगत होतेच की. हेच राहिलं."

वहिनी पुन्हा माहेरच्या जिन्याच्या गोष्टीवर आली आणि बत्तिशीने खालच्या ओठाची कड पुरी केली.

डोकं तयार झालं तेव्हा वहिनी त्याच्याभोवती फिरली. मान पुढे, भुवया चढलेल्या, तोंड एका शब्दाच्या मध्यावर उघडं. बघणाऱ्याला वाटावं, आता काय ऐकून घ्यावं लागतंय.

"एवढी भांडखोर दिसते मी?"

"हो," दादा दारातून म्हणाला.

दातांवरून वहिनीने काही म्हटलं नाही. फक्त म्हणाली, गळ्याखाली इतकं सुटलंय का, आणि बत्तिशीने सुटलंय म्हणून सांगितलं.

त्या वर्षी प्रदर्शनात नवी समिती होती. प्लास्टिक शिल्पांत घ्यावं की नाही यावर त्यांच्यात पुन्हा वाद झाला म्हणे, पण एका सभासदाने हट्ट धरला आणि वहिनीचं डोकं शिल्पांच्या दालनात गेलं, कोपऱ्यात, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी. खालच्या चिठ्ठीवर माध्यम म्हणून पॉलिमर क्ले असं छापलं होतं. काहींनी बोटाने टोचून पाहिलं. एक गृहस्थ म्हणाले, मेण आहे. दगडात काम करणाऱ्या बाईंना हे दाखवायचं बत्तिशीच्या मनात होतं. त्या मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या होत्या आणि मंडळात त्यांचा पत्ता कोणाकडेच नव्हता. तिने दोनदा विचारून पाहिलं, मग सोडून दिलं.

वहिनी रोज जात होती. डोक्यापासून दूर, खांबाला टेकून, लोक काय म्हणतात ते ऐकत उभी राही. तिसऱ्या दिवशी एका पाहुण्या बाईंनी तिला ओळखलं, डोक्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि नमस्कार केला. त्यांचं हॉटेल होतं. स्वागताच्या टेबलाशी ठेवायला त्यांना ते डोकं विकत हवं होतं, आणि किंमत त्या आढेवेढे न घेता सांगून गेल्या. वहिनी हरखली. आतापर्यंतच्या सगळ्या उद्योगांत पहिल्यांदा काही धड विकलं जात होतं, आणि तेही ती स्वतः. संध्याकाळी ती जेवायच्या टेबलाशी सगळं रंगवून सांगत होती. हॉटेलात येणाऱ्याजाणाऱ्याला मी दारातच बोलणार, असं तिचं चाललं होतं. बत्तिशीची हरकत नव्हती. केलेलं काम लॅबमधून बाहेर जातं, हीच तिची आयुष्यभराची सवय.

दादाने ताट बाजूला सारलं.

"ते विकायचं नाही," तो म्हणाला.

वहिनीला आधी ऐकू आलं नाही. मग ती त्याला समजावू लागली, की अहो, मी आहे ना घरात, खरी, मग ते हवंय कशाला. बत्तिशी नवं करील. त्याने ऐकून घेतलं, या वेळी खरंच ऐकलं.

"नाही म्हटलं ना. ते घरी आणायचं," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

ते घरी आलं. दादाने ते पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलं, जिथे तो सकाळी चहा घेत बसतो. वहिनी कुरकुर करते, की एका तोंडाने पुरत नव्हतं का यांना. पण धूळ तीच पुसते, आणि पुसताना कोणी बघत नाही ना ते पाहते.

हॉटेलवाल्या बाईंना बत्तिशीने कळवलं की हे मिळणार नाही. दुसरं करून देईन, पण ज्याचं करायचं ते माणूस समोर येऊन बसलं पाहिजे, फोटोवरून होणार नाही. त्यांना वेळ नव्हता. ते तिथेच राहिलं. जबड्यांवरून डोकी करणं तिने थांबवलं. फळ्यांवरची माणसं आहेत तशी आहेत, ती त्यांना नावं ठेवत नाही. लॅबमध्ये आता ती अर्धा दिवस जाते. पॉलिशवाला येऊन बसला आणि त्याचं डोकं शिवी देतानाचं झालं, ते त्याने बायकोला न दाखवता मोटरच्या मागे ठेवलं आहे.

मग एका रविवारी लॅबच्या वरच्या जोड्यांच्या दुकानाचा मालक जिना चढून घरी आला. त्याने डोक्यांबद्दल ऐकलं होतं. बादलीवर बसण्यापूर्वी त्याने एकच गोष्ट विचारली, की डोक्यावर थोडे केस दाखवता येतील का, पूर्वी होते तसे. बत्तिशी म्हणाली, जे आहे तेच करते. त्याने थोडा विचार केला, चहा घेतला आणि निघून गेला. पुढच्या रविवारी तो टोपी घालून आला. ती टोपी तिने मन लावून केली, पुढची मळकी कड आणि एका बाजूला उसवलेली शिवण धरून.